‘गाडी कुठली?’ एवढ्यावर हेडलाईटचा बल्ब घेऊ नका

पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, “अण्णा, गाडी कुठली?” आपण गाडीचं नाव सांगतो, फार तर साल सांगतो, आणि मागच्या फळीवरून एक लहान खोकं समोर येतं. बहुतेक वेळा आतला बल्ब बरोबर निघतो. चुकीचा निघाला तर कधी तो बसतच नाही, कधी बसून मिणमिणतो, आणि कधी इतका नीट बसतो आणि पेटतो की चूक झाल्याचं आपल्याला कळतच नाही. ते समोरून येणाऱ्याला कळतं.

माझ्या गाडीत हा तिसरा प्रकार झाला. गाडी जुनी, गोव्याहून घेतलेली. गेल्या पावसाळ्यात चोर्ला घाट चढून कणकुंबीवरून जांबोटीकडं येताना डावा डिप्पर, म्हणजे झोत जवळ आणि खाली टाकणारा दिवा, गेला. धुकं, वरून पाऊस आणि पुढं एकच दिवा. समोरच्याला मी मोटरसायकलवाला वाटत असणार, आणि तो त्या हिशेबानं जागा सोडत असणार. कसाबसा घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी बेळगावात एका मेकॅनिककडं गेलो. माझ्या दिव्यात ९००६ नंबरचा बल्ब होता, तो कुठं मिळेना. “९००५ आहे की. एका नंबरचा तर फरक, आणि उजेड जास्तच पडतोय,” असं म्हणत त्यानं छोटी कानस घेतली. बल्बच्या प्लॅस्टिकच्या बुडावर एक कान बाहेर आलेला होता, तो घासून टाकला. बॉनेटच्या कडेवर काळी भुकटी पडली. पाच मिनिटांत बल्ब फिरवून बसला आणि पेटला. उजेड खरंच जास्त होता, मी खूश झालो. त्या रात्री हिंडलग्यावरून शिनोळीकडं जाताना समोरचं प्रत्येक दुसरं वाहन मला अप्पर, म्हणजे लांब जाणारा झोत, मारत होतं, आणि मी तर डिप्परवरच होतो.

घासून टाकलेला तो कान कंपनीनं तिथं का ठेवला होता, हे मी नंतर समजून घेतलं. ते समजलं की बल्ब ओळखण्याचं निम्मं कोडं सुटतं.

नंबर कशाचा असतो?

आधी एक गैरसमज दूर करू. एच१, एच४, एच७, एच११ ही नावं ऐकली की वाटतं, आकडा मोठा म्हणजे बल्ब भारी. तसं काही नाही. ‘एच’ म्हणजे हॅलोजन, आणि पुढचा आकडा म्हणजे त्या घडणीला मिळालेलं नाव. एच१ हा १९६२ साली युरोपात आला, मोटारीच्या दिव्यासाठीचा तो पहिला हॅलोजन. आत जळणाऱ्या दोन तारा असलेला एच४ नंतर १९७१ च्या सुमारास आला. एच४ ऐवजी एच७ घातला म्हणजे गाडी सुधारली, हे कुलुपाला त्याच्याहून मोठ्या नंबरची किल्ली लावण्यासारखं झालं.

ही घडण एवढी महत्त्वाची का? लहानपणी भिंगानं कागद जाळला असेल तर आठवा. भिंग एका ठरावीक उंचीवर धरलं की उन्हाचा टिपका बारीक होऊन कागद धुमसायला लागायचा, आणि हात बोटभर वरखाली झाला की टिपका पसरून सगळं वाया. हेडलाईटमध्ये हाच खेळ उलटा चालतो. बल्बच्या आत टंगस्टनची बारीक गुंडाळी असते, तिला फिलामेंट म्हणतात. मागं चकचकीत वाडगा असतो, तो रिफ्लेक्टर. फिलामेंट वाडग्यातल्या नेमक्या जागी असलं तरच उजेड रस्त्यावर हवा तिथं जातो. मिलिमीटरभर पुढंमागं झालं तरी झोत पसरतो, आणि पसरलेल्या झोताचा काही भाग वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

म्हणून प्रत्येक घडणीत फिलामेंट बुडापासून किती अंतरावर, कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे ठरलेलं असतं. बुडावरचे कान, खाचा, पिनांची ठेवण प्रत्येक जातीची वेगळी असते. ती वेगळी ठेवण्याचं एक मोठं कारण हेच, की दुसऱ्या जातीचा बल्ब त्या दिव्यात बसूच नये. कानस लावून आपण नेमका तो पहारेकरी हाकलून देतो. माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. ९००६ च्या काचेचं टोक काळ्या रंगानं झाकलेलं असतं, म्हणजे फिलामेंटचा उजेड सरळ पुढं न जाता आधी रिफ्लेक्टरवर पडतो. ९००५ चं टोक नितळ, कारण तो अप्परसाठी बनवलेला बल्ब आहे. वर ९००५ साठ वॅटचा आणि साधारण १,८६० ल्यूमेनचा, तर ९००६ हा ५१ वॅटचा आणि जेमतेम १,१०० ल्यूमेनचा. ल्यूमेन म्हणजे बल्बमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप. दीडपटीहून जास्त उजेड, तोही बेलगाम. शिनोळीच्या रस्त्यावर लोक चिडले त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

एच४ हातात घेऊन बघा

आपल्याकडच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त भेटणारा बल्ब म्हणजे एच४. आल्टो, वॅगन-आरसारख्या लाखो गाड्यांत हाच. मागं तीन पाती असतात, म्हणून दुकानात याला ‘तीन पिनचा’ म्हणतात. एखादा उडालेला एच४ मिळाला तर टाकून देऊ नका, खिडकीच्या उजेडात धरून बघा. आत दोन गुंडाळ्या दिसतील. पुढच्या गुंडाळीच्या खाली चमच्याएवढीसुद्धा नाही अशी धातूची इवलीशी वाटी आहे. पुढची गुंडाळी डिप्परची, मागची अप्परची.

डिप्पर लावला की पुढची गुंडाळी पेटते. खालची वाटी तिचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळं रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्याकडं वळतो. अप्पर लावला की वाटी नसलेली मागची गुंडाळी पेटते, सगळा रिफ्लेक्टर उजळतो आणि झोत लांब, सरळ जातो. एवढ्याशा वाटीवर समोरच्याचे डोळे अवलंबून आहेत. एच४ चे कान नीट न बसवता क्लिप लावली आणि बल्ब जरा फिरलेला राहिला, तर ही वाटीही फिरते आणि डिप्परचा झोत एका अंगाला वर चढतो. बल्ब बदलल्यावर “एक लाईट आभाळात गेलीय” अशी तक्रार घेऊन लोक येतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा बल्ब चांगला असतो, फक्त वाकडा बसलेला असतो.

एच४ वर ‘१२ व्ही ६०/५५ डब्ल्यू’ असं कोरलेलं असतं. म्हणजे १२ व्होल्ट, अप्पर ६० वॅट, डिप्पर ५५ वॅट.

बाकीचे भाऊबंद

एच७ ला एकच गुंडाळी, दोन पाती आणि गोल पत्र्याचं बूड. तो ५५ वॅटचा. गाडीत डिप्परचा आणि अप्परचा दिवा वेगळा असला की बहुधा हा भेटतो. एच१ हडकुळा, मागं एकच पातं. एच११ चं बूड प्लॅस्टिकचं, वायरीचा कपलर, म्हणजे जोडणीचा प्लग, कोपऱ्यात वळलेला. ९००५ म्हणजेच एचबी३ आणि ९००६ म्हणजेच एचबी४, खोक्यावर यातलं कुठलंही नाव असू शकतं. एच८ दिसायला एच११ चा जुळा भाऊ, पण ३५ वॅटचा, बहुतेक फॉगलॅम्पमध्ये, म्हणजे धुक्यासाठीच्या दिव्यात. तो डिप्परमध्ये घातला तर पेटतो, पण बिचाऱ्याची ताकद अपुरी पडते.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. एकाच गाडीत डिप्परला एक जात, अप्परला दुसरी आणि फॉगलॅम्पला तिसरी असू शकते, एवढं लक्षात ठेवा. दुकानात ‘हेडलाईटचा बल्ब द्या’ म्हणू नका. ‘डिप्परचा द्या’ किंवा ‘अप्परचा द्या’ म्हणा.

मोटरसायकलचा एचएस१

येळ्ळूर, कडोली, कंग्राळीकडून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला येणारी पोरं रात्री मोटरसायकलवरून घरी जातात. त्यांच्यासाठी हा भाग जरा सविस्तर लिहितो.

अनेक मोटरसायकलींत एचएस१ बल्ब असतो. दिसायला तो हुबेहूब एच४. तीच तीन पाती, त्याच दोन गुंडाळ्या, तीच वाटी. फरक वाचल्याशिवाय कळत नाही: एचएस१ वर ‘३५/३५ डब्ल्यू’ लिहिलेलं असतं. नजरचुकीनं किंवा ‘उजेड जास्त पडेल’ म्हणून कुणी त्या जागी ६०/५५ चा एच४ घालतो. मोटरसायकलची वीज बनवण्याची ताकद मोजकी. जुन्या कित्येक गाड्यांत हेडलाईट थेट मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागावर चालते, म्हणून रेस वाढवली की उजेड वाढतो. तिथं दीडपटीहून जास्त वॅटचा बल्ब घातला की गाडी हळू असताना उजेड उलट कमी होतो. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत बॅटरी उतरते. आणि हेडलाईटचा डोम आतून तापतो, होल्डर वितळतो.

१ एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींत इंजिन चालू झालं की हेडलाईट आपोआप लागते, बंद करायचं बटणच नाही. समोरच्याला दुचाकी दिवसाही दिसावी म्हणून तो नियम आला. त्यामुळं बल्ब दिवसभर जळतो आणि पूर्वीपेक्षा लवकर जातो. “कंपनीचा बल्ब टिकत नाही” अशी तक्रार ऐकू येते, तिचं एक कारण हे. म्हणून रागानं भारी वॅटचा घालू नका, सीटखाली एक ३५/३५ चा जादा बल्ब कापडात गुंडाळून ठेवा.

बारा की चोवीस

कार, दुचाकी, ट्रॅक्टर, छोटे टेम्पो १२ व्होल्टवर चालतात. मोठे ट्रक आणि बस २४ व्होल्टवर. एच४ दोन्हींत येतो, २४ व्होल्टचा ७५/७० वॅटचा. बूड सारखंच, त्यामुळं बसायला दोन्ही बसतात. बारावाला चोवीसवर लावला तर भपकन उडतो. चोवीसवाला बारावर लावला तर लालसर मिणमिणतो, आणि माणूस बॅटरीला दोष देत बसतो. ट्रक आणि कार दोन्ही असलेल्या घरांत ही अदलाबदल सहज होते, कारण सुटे बल्ब एकाच डब्यात पडलेले असतात.

नंबर शोधायचा कुठं?

पहिली जागा म्हणजे गाडीबरोबर येणारं पुस्तक. शेवटच्या पानांत बल्बचा तक्ता असतो. दुसरी जागा, जुना बल्ब: पत्र्याच्या बुडावर किंवा काचेच्या खाली बारीक अक्षरं कोरलेली असतात. मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा, नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. तिसरी जागा खुद्द दिवा. काचेच्या कडेला किंवा मागच्या प्लॅस्टिकवर बऱ्याचदा ‘एच७’, ‘एचबी३’ असं साच्यातच उमटवलेलं असतं.

तिन्ही जागी एकच उत्तर मिळालं तर प्रश्न मिटला. न मिळाल्यास दिव्यावरचा नंबर खरा माना, कारण बल्ब शेवटी दिव्यात बसायचा आहे.

आपल्या भागात ही तिसरी जागा जास्त महत्त्वाची. इथं बेळगाव-चिकोडीच्या केए-२२, केए-२३ इतक्याच कोल्हापूरच्या एमएच-०९ आणि गोव्याच्या पाट्या दिसतात. जुन्या गाड्या निपाणी-कागलच्या, चंदगडच्या, चोर्ल्याच्या वाटेनं या राज्यातून त्या राज्यात हात बदलतात. आधीच्या मालकानं ठोकर लागल्यावर कुठला दिवा बसवला, वरच्या मॉडेलचा प्रोजेक्टरवाला, म्हणजे भिंगाचा घातला की स्वस्तातला नकली, हे पुस्तकाला माहीत नसतं. जुना बल्बही त्यानंच चुकीचा बसवलेला असू शकतो. माझ्या गाडीचं पुस्तक तर मला मिळालंच नव्हतं.

बाहेरून आलेला किंवा आयात केलेला दिवा असेल तर काचेवरचा बाणही बघा. डिप्परचा झोत दोन्हीकडं सारखा नसतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावीकडं, रस्त्याच्या कडेला तो जरा वर चढतो, तिथले चालणारे आणि पाट्या दिसाव्यात म्हणून. युरोपातून मान्यता मिळालेल्या दिव्यावर, दिव्यासमोर उभं राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडं दाखवत असेल तर तो डावीकडून चालणाऱ्या देशांचा, म्हणजे आपला. दोन्ही दिशांना बाण असेल तर दोन्हीकडं चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठीचा, आणि मग बल्ब कितीही बरोबर घाला, झोत समोरच्याच्याच अंगाला चढणार.

बल्बवर ‘यू’ अक्षर दिसलं तर चांगली खूण. या बल्बची काच अतिनील किरणं अडवते, म्हणून हल्लीच्या प्लॅस्टिकच्या काचेच्या दिव्यांना तो चालतो.

दुकानदार कन्नड बोलणारा असो की मराठी, गाडीचं नाव सांगून वाद घालण्यापेक्षा नंबरचा तो फोटो दाखवा. किंवा सरळ जुना बल्बच काउंटरवर ठेवा.

“शंभर-नव्वदचा टाकला तर?”

हा प्रश्न हमखास येतो. एच४ च्याच बुडावर १००/९० वॅटचे बल्ब मिळतात, बसतातही. हिशेब करून बघू. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८.३ अँपिअर. दोन्ही दिव्यांचे मिळून दहाऐवजी जवळजवळ १७. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणं वाढते, म्हणजे ती पावणेतीन पटीहून जास्त होते. घरातल्या पंख्याच्या वायरीवर गीझर लावल्यासारखं. आधी होल्डर तपकिरी होतो, मग कपलर चिकटतो, मग स्विच जळतो. रिफ्लेक्टरचा चकचकीत थरही तापून काळवंडतो, आणि एकदा तो गेला की कुठलाच बल्ब उजेड देत नाही.

“मग रिले आणि जाड वायर टाकतो.” रिले म्हणजे जास्त करंट पेलणारा वेगळा स्विच. वायरिंगचा प्रश्न त्यानं सुटेल. समोरच्याच्या डोळ्यांचा सुटणार नाही.

“मग एलईडी का नको? तो कमी वॅटचा असतो”

कारखान्यातून एलईडीसह आलेल्या गाड्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांचा अख्खा दिवा एलईडीसाठीच घडवलेला असतो. अडचण आहे ती हॅलोजनच्या दिव्यात एलईडीचा बल्ब घालण्याची.

भिंगाची गोष्ट इथं पुन्हा लागू होते. हॅलोजनमध्ये बारीक गुंडाळी चहूबाजूंनी सारखी जळते आणि रिफ्लेक्टर त्या गुंडाळीसाठी घडवलेला असतो. एलईडीच्या बल्बमध्ये पट्टीच्या दोन अंगांना चौकोनी चिप असतात. उजेड बक्कळ, पण निघतो वेगळ्या जागेतून आणि वेगळ्या दिशांनी. काही बाजूंना झोत नको तिथं चढतो, काही बाजूंना खड्डा पडतो. चालवणाऱ्याला मात्र बोनेटच्या पुढचे दहा-पंधरा मीटर लख्ख दिसतात. त्या लख्ख उजेडानं त्याच्या डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं. आपल्याला वाटतं, रस्ता छान उजळलाय.

आता हंगामातला चिकोडी-निपाणी किंवा संकेश्वर-हुक्केरी रस्ता डोळ्यांसमोर आणा. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यात उसाचा ढीग, मागं टेललाईट नाही, चमकणारी पट्टीही नाही. समोरून एलईडीवाला येतो आणि तुमचे डोळे क्षणभर पांढरे होतात. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. डोळे सावरायला तीन सेकंद लागले तर तुम्ही ५० मीटर आंधळे चालवली. त्या ५० मीटरांत ट्रॉली असते, पायी निघालेला माणूस असतो, कारखान्यावरून घरी परतणारा सायकलवाला असतो. हंगाम संपेपर्यंत आमच्या भागातल्या किती घरांत रात्री कुणाच्या तरी येण्याची वाट बघत बसतात, हे सगळ्यांना माहीत आहे.

“सगळेच लावतात, पोलीस तरी कुठं पकडतात?” नियम तर आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा, इतका की आठ मीटरवर उभ्या माणसाचे डोळे दीपणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या घडणीत मनाला येईल तसा बदल करायला मज्जाव करतं. बाहेरच्या देशांत हे बल्ब सरसकट चालतात, असंही म्हटलं जातं. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, पण ती अमुक बल्ब तमुक मॉडेलच्या तमुक दिव्यात तपासून पाहिल्यावर, जोडी ठरवून. खोक्यावर ‘एच४ एलईडी’ छापलं म्हणून नव्हे.

“पांढरा उजेड तर चांगला दिसतो”

हॅलोजनचा उजेड पिवळसर, म्हणून जुनाट वाटतो. त्यावर निळ्या काचेचे हॅलोजन येतात. निळी काच उजेडाचा काही भाग स्वतःच गाळते. त्याची भरपाई म्हणून फिलामेंट जास्त तापवलं जातं, मग बल्बचं आयुष्य घटतं. ओल्या डांबरावर आणि कणकुंबीच्या धुक्यात मला पिवळाच बरा वाटतो.

“बल्ब नवा, तरी उजेड मंद”

या तक्रारीवर दुकानदार बहुतेक वेळा भारी वॅटचा बल्ब देतो, आणि आजार तसाच राहतो. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजवर फार अवलंबून असतो. इंजिन चालू असताना बल्बजवळ १३.२ व्होल्ट पोचायला हवेत आणि गंजलेल्या अर्थिंगमुळं १२ च पोचले, तर व्होल्टेज जवळजवळ एक दशांशानं कमी होतं, उजेड मात्र चौथ्या हिश्श्याहून जास्त घटतो. इलेक्ट्रिशियनकडं मीटर असतोच. बल्ब पेटलेला असताना कपलरवर व्होल्टेज मोजायला सांगा. घासून पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच हे दुसरं कारण, ते तर नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

उलटही खरं. चार्जिंग जास्त होत असेल, रेग्युलेटर बिघडलेला असेल, तर बल्ब लख्ख जळतो आणि महिन्या-दोन महिन्यांत उडतो. बल्ब वारंवार जात असतील तर बल्बची कंपनी बदलण्याआधी चार्जिंग तपासा.

बसवताना

दिवा थंड होऊ द्या. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका: बोटावरचं तेल तिथं राहतं, ती जागा जास्त तापते आणि काच फुगते किंवा तडकते. बोट लागलंच तर स्पिरिटनं पुसा. मागचं रबरी झाकण परत नीट चढवा, आमच्याकडच्या पावसात उघड्या दिव्यात पंधरा दिवसांत पाणी साचतं. आणि दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. एक गेला म्हणजे त्याचा जोडीदारही तितकाच जळलेला असतो. तो सुस्थितीतला जुना बल्ब डॅशबोर्डच्या खणात ठेवा, घाटात कामाला येतो.

भिंतीवर बघा

शेवटचं काम पाच मिनिटांचं. रात्री सपाट जागेवर, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी सरळ उभी करा. हेडलाईटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजा, तेवढ्या उंचीवर भिंतीवर खडूनं आडवी रेघ ओढा. तिच्या खाली दहा सेंटिमीटरवर दुसरी. डिप्पर लावला की झोताची वरची कड त्या खालच्या रेघेपाशी यायला हवी, डावीकडं जरा चढलेली. दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार म्हणजे, दिवा ७० सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोत ७० मीटरवर जमिनीला टेकतो. डॅशबोर्डवर ० ते ३ असं चाक असेल तर हे शून्यावर ठेवून बघा. मागं माणसं आणि पोती भरली की गाडीचं नाक वर होतं, तेव्हा आकडा वाढवा.

मी माझ्या गाडीत शेवटी ९००६ कोल्हापुरातून आणला आणि वडगावातल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर असाच बघितला. कान घासलेला ९००५ आधी तसाच ठेवून पेटवला होता: कड अशी नव्हतीच, भिंतीच्या माथ्यापर्यंत आणि वर शेजारच्यांच्या पत्र्यावर पांढरा उजेड पसरला होता. नवा बसवल्यावर उजेड रेघेखाली उतरला, पत्रा काळा झाला. खडूची ती रेघ मी अजून पुसलेली नाही, पुढचा बल्ब जाईल तेव्हा लागेल.